न भरलेली ओटी

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, गॅलरीत दोन फेऱ्या मारतो. बायको म्हणते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी ठाण्यातून घरी या. पण काही प्रकरणं फाइल बंद झाली तरी डोक्यात चालूच राहतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बंगलोरला जयनगर भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. मूळचा सीमाभागातला, त्यामुळे मराठी माणूस ठाण्यात आला की त्याला सरळ माझ्या खोलीत पाठवत. त्या काळी कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येक पोराला अमेरिकेचं वेड लागलं होतं. तिकडच्या कॉलेजचं पत्र आलं की पोरं मद्रासला जाऊन वकिलातीसमोर रांग लावायची. तिथला साहेब विचारायचा, शिकून परत येणार का? त्या एका प्रश्नावर भल्याभल्यांचा व्हिसा अडायचा.

एके सकाळी चिकपेटातले एक साडीवाले व्यापारी फोटोंचा अल्बम घेऊन आले. तीन पिढ्या बंगलोरात, मराठी निम्मी कानडी झालेली. त्यांच्या मुलीचा साखरपुडा आमच्याच हद्दीतल्या, पुण्याहून आलेल्या एका घरातल्या मुलाशी झाला होता. मुलाला व्हिसा मिळाला आणि मागोमाग निरोप आला की पत्रिका जुळत नाही, ठरलेलं मोडलं समजा. मुलगा येत्या शनिवारच्या विमानानं निघणार होता.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की लग्नं मोडण्यात पोलीस पडत नाहीत, चार वडीलधारी माणसं बसवा. ते उठले, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, पण अल्बम माझ्याच टेबलावर ठेवून. "स्वल्प बघा साहेब," एवढंच म्हणाले. असली चिवट माणसं मला आवडत नाहीत, कारण बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा नाव सांगेना. त्याचा व्हिसा नाकारला गेला होता आणि आवाजात नुसती आग होती. बंगलोरच्याच शिवाजीनगरात व्हिसाची कागदपत्रं करून देणारा एक सल्लागार होता. तो पोरांना सांगायचा की साखरपुडा उरकून घ्या, फोटो जोडा, म्हणजे इथं कोणी वाट बघतंय हे दिसेल. खोटी मुलगी उभी केलीत तर पकडले जाल, खरं स्थळ बघा. मोडायचं काय, नंतर मोडता येतं. फोनवाल्याने ऐकलं नाही, तो राहिला. ज्यानं ऐकलं तो त्याचाच वर्गमित्र, म्हणजे आमचा शनिवारी निघणारा नवरदेव. खबर देणारा माणूस क्वचितच भला असतो. पण जळणारा माणूस तपशिलात चुकत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं.

आता खरी पंचाईत झाली. साखरपुडा मोडणं हा गुन्हा नाही. मोडायचं ठरवूनच केला असेल, तर मात्र फसवणूक. म्हणजे पहिल्या दिवसापासून मनात खोट होती हे दाखवायला हवं. पंचनामा खोलीचा करता येतो, दुकानाचा करता येतो. मनाचा कसा करायचा?

सल्लागाराला बोलावलं. सफारी घातलेला, गोडबोल्या. मी फक्त फॉर्म भरून देतो, घरगुती बाबतीत पडत नाही, असं म्हणत त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. मुलाचे वडील ओळखीच्या बड्या लोकांची नावं घेत राहिले. आणि मुलगा? पाठ ताठ, नजर समोर, प्रत्येक उत्तर पाठ केलेलं. मी मराठीत विचारलं, मुलगी आवडली होती का रे? तर म्हणतो, "यस सर. आय लाइक्ड हर फॅमिली व्हॅल्यूज." अरे बाबा, मी काय व्हिसा देतोय तुला? मुस्काटात द्यावीशी वाटली, पण हात आवरला. पत्रिका जुळली नाही या एका वाक्यापलीकडे बापलेक सरकेनात.

शुक्रवार उजाडला तरी हातात काही नव्हतं. मी चहावर चहा पीत तो अल्बम चाळत होतो. अंगठी, साखरेचा पुडा, मुलाची आई कुंकू लावतेय, साडी देतेय. पुन्हा पहिल्यापासून चाळला. आणि मग जे फोटोत नव्हतं ते दिसलं. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात आयत्या वेळी नारळ सापडेना, तेव्हा आईनं सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. ओटी भरल्याशिवाय मुलगी पाटावरून उठणार कशी? इथं ओटीचा फोटोच नव्हता.

बाकावरच्या व्यापाऱ्यांना आत बोलावलं. ते म्हणाले, आमच्या मंडळींनी विचारलं होतं. मुलाची आई म्हणाली, आमच्यात ओटी लग्नातच भरतात. आम्ही म्हटलं सरी, ठीक आहे, त्यांची पद्धत.

मी महिला कॉन्स्टेबल बरोबर घेऊन मुलाच्या घरी गेलो. दिवाणखान्यात मुलगा भरलेल्या बॅगांना दोरी बांधत होता आणि आई लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळत होती. मी सल्लागाराचं नाव काढलं नाही, व्हिसाचं काढलं नाही. एवढंच विचारलं, बाई, सगळं साग्रसंगीत केलंत, मग ओटी का नाही भरलीत? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घाईनं म्हणाला, आमच्यात पद्धत नाही. मी त्याला गप्प बसवलं. बाईनं बरणी खाली ठेवली.

"पदरात नारळ घालताना मनात म्हणावं लागतं, ही आमच्या घरात येवो, हिची कूस भरो. ती येणारच नव्हती साहेब. खोटी ओटी माझ्यानं नाही भरवली."

नवरा ओरडला. मुलगा दोरी हातात धरून तसाच उभा राहिला.  बाईचा जबाब ऐकवल्यावर दुपारपर्यंत वडील मऊ पडले, आणि वडील बोलताहेत हे कळताच सल्लागार त्यांच्याही पुढे जाऊन बोलू लागला. मी निघालो तेव्हा ती बाई दारापर्यंत आली होती. हळू आवाजात म्हणाली, मी ओटी भरली असती तर तो गेला असता ना? मी हो म्हटलं. मी खोटं बोलून तिला काय मिळणार होतं?

संध्याकाळी मुलगी ठाण्यात आली. तोवर तिच्या वडिलांचा धीर सुटला होता. केस नको म्हणू लागले. कोर्टात पोरीचं नाव येणार, धाकटीचं लग्न व्हायचंय, मुलाकडचे माफी मागताहेत तर सोडून देऊ. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती.

"अप्पा, माझा फोटो दाखवून हा व्हिसा घेऊन आला," ती म्हणाली. "माझं नाव त्यानं वापरून घेतलंय. आता मी वापरलं तर काय बिघडलं?"

ठाण्यात आणून बसवलेला मुलगा एकदम मराठीत आला. रडत म्हणाला, माझं आयुष्य बरबाद होईल, मी लग्न करतो तुझ्याशी. तिनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, मद्रासला त्या साहेबाला माझ्याबद्दल काय सांगितलंस? तो खाली बघत म्हणाला, सांगितलं की ती वाट बघतेय, म्हणून मी परत येणार.

"बघतच होते की मी," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर बसली.

मी फिर्याद लिहायला घेतली. शनिवारचं विमान गेलं, पासपोर्ट जप्त झाला, त्या मुलाचं शिक्षणाचं वर्ष बुडालं. सल्लागाराचं दुकान बंद झालं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. मुलाचं काय, ते मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, बरी अद्दल घडली. कधी ती लोणच्याची बरणी आठवते आणि मी परत गॅलरीत फेऱ्या मारू लागतो.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवावी लागते. मी कानडीत लिहिलेली वाचत होतो. अशा तक्रारीत आम्ही ठरलेलं वाक्य घालायचो, की या कृत्यामुळे मुलीची मानहानी झाली. तिथं तिनं मला थांबवलं.

"मान माझा गेला नाही साहेब. माझी मोस झाली. तेवढंच लिहा."

मोस म्हणजे कानडीत फसवणूक. तिचे वडील चमकून तिच्याकडे बघत राहिले. मी ते वाक्य खोडलं, बाजूला माझी सही केली, आणि मग तिनं खाली तिची केली. 

त्यानंतर माझ्या टेबलाशी जी बाई फिर्याद घेऊन आली, तिला मी लिहायच्या आधी विचारू लागलो, तुझं काय गेलं ते तू सांग. पुष्कळजणी बापाकडे नाहीतर भावाकडे बघायच्या. मी पेन खाली ठेवून थांबायचो.