पिंकीचं ‘कशावरून?’

प्रशिक्षणाला जाताना शिक्षकाने आपली लेक आपल्याच वर्गात नाही ना, एवढं बघून जावं. मी बघितलं नव्हतं.

पाटसजवळच्या एका खेड्यात मी तिसरीचा गुरुजी होतो. दौंडच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले, “मुलांना उत्तरं सांगू नका. त्यांना प्रयोग करून पडताळू द्या!” मी भारावून गेलो. (चहाबरोबर बिस्किटंही होती.) दुसऱ्या दिवशी वर्गात फर्मान काढलं, “कुणी काहीही सांगितलं, तर आधी विचारायचं, ‘कशावरून?’ मग पडताळायचं!”

पोरांनी मनावर घेतलं. मी ‘शाळा सुटली’ म्हटलं तरी पोरं आधी घंटेकडे बघून खात्री करायची! माझी छाती अभिमानाने फुगली. आणि माझ्या लेकीने, पिंकीने, हे संशोधन घरी आणलं.

त्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला बघायला शिक्रापूरचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. आधीची स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच, त्यामुळे माझे वडील, आबा, देव पाण्यात घालून बसले होते.

पोहे आले. आबा म्हणाले, “आमच्या सुमीनं केल्यात.”

“कशावरून?” पिंकी!

“अगं, म्या सांगतोय न्हवं!”

“नुसतं सांगून चालत न्हाई, आबा. सकाळधरनं तर आईच कांदा चिरतीया.”

मी डोळ्याने खुणावलं.

“बाबा, डोळा का मारताय?”

चुलते हसून म्हणाले, “असू द्या, असू द्या! आमचा पोरगा सणसवाडीला कंपनीत परमनंट हाय.”

“कशावरून?”

चुलत्यांचा चमचा हवेतच थांबला. मुलगा कानापर्यंत लाल झाला. “न्हाई... टेम्परवारीच हाय. काका म्हणले, तसं सांगायचं.”

मुलाची आई पदर सावरत उठली. “चला! ह्यो काय पोलीस टेशनचा कारभार हाय व्हय?”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू संशोधन हा शब्दच मी शोधून काढला होता. बहिणीचं लग्न मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं!

तेवढ्यात सुमी बाहेर आली. “थांबा. पोहं मला जमत न्हाईत. शिलाईचं काय बी सांगा, शिवून दावते.”

मुलगा पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत म्हणाला, “मला जमत्यात. खोलीवर म्याच करतो.”

“कशावरून?”

आता मी पिंकीचं तोंडच दाबणार होतो, पण गडी बाह्या सरसावून थेट स्वयंपाकघरात! काय पोहे केले म्हणता! त्याच्या आईने दुसऱ्यांदा बशी पुढे केली आणि मग भडकली, “मेल्या, घरी तर कवा केलं न्हाईस!”

सुमी खळखळून हसली. सुपारी तिथल्या तिथे फुटली.

पाहुणे गेल्यावर मी मिशीला पीळ दिला. “बघितलं? माझ्या प्रयोगानं लग्न जमलं!”

बायको खरकटी भांडी गोळा करत शांतपणे म्हणाली, “मला बघायला आला व्हतात, तवा आबा म्हणले व्हते, आमचा पोरगा घरात भांडीसुदिक घासतो.”

पिंकीने हळूच मान वर केली. ती तोंड उघडायच्या आत मी खरकट्या बशा उचलून मोरीकडे निघालो.

आज पिंकी स्वतः शिक्षिका आहे. माहेरी आली, की मी घासलेलं ताट अजूनही उजेडात धरून बघते.