मरव्याची कुंडी

नातसुनेनं वेणीत मरवा माळला की मला निजामाच्या अमलातली, नेकनूरहून सासरी शिरूरला निघालेली बैलगाडी आठवते. वैशाखात तो माळ म्हणजे निव्वळ वाळवंट. वाट दाखवायला पुढं बापू धनगर. त्यानं पहिल्याच मुक्कामी बजावलं, "पाणी पिण्यापुरतंच हाय. हात मातीनं पुसा."

माझ्या मांडीवर माहेरच्या मरव्याची कुंडी होती. सासरे गुरकावले, "हे झाड कावून आणलं?" मी रडवेली झाले.

जेवल्यावर मात्र मामंजी आपल्या वाटणीचं पाणी घेऊन उठले आणि कुंडीवरच हात धुतले. बापू चिडला.

"सवय हाय मला," मामंजी म्हणाले.

पोचेपर्यंत रोज तेच. मला वाटलं, किती हा सोवळा माणूस!

घरी पाहिलं, तर मामंजी जेवून हात धोतरालाच पुसायचे.