उघड्या हातांची ट्रायल

कोच लारिसाने माझ्या मुलीचा हात मनगटाला धरून वर उचलला. दिमाचा हात तिच्या हाताशेजारी लावला. कोपरापासून बोटांपर्यंत, चिकटवून. दुकानात पडद्याचं कापड जुळवून बघतात तसं. आणि मला म्हणाली, "यू सी?"

मी पाहिलं. दोन हात होते. एक दिमाचा, एक जुईचा.

"फ्रॉम फार, जजेस सी टू पीपल," ती म्हणाली. "आइस डान्स इज वन पीपल."

आजूबाजूला ट्रायलला आलेल्या बाकीच्या मुली होत्या, त्यांच्या आया होत्या. कुणी बुटांच्या नाड्या आवळत होतं, कुणी कॉफी पीत होतं. आपण काहीच ऐकलं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दिमा खाली बघत राहिला. जुईने हात ओढून घेतला नाही. सोळा वर्षांची पोर. हात तसाच वर, तपासायला ठेवल्यासारखा.

आणि मी हसले. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर हसतात तसं.

आम्ही नागपूरचे. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे वॉटर्लूत येऊन पडलो. बर्फाशी माझा संबंध पार्किंगपुरता, आणि तिथेही मी उभी कमी, आडवी जास्त. पण जुई लहानपणी शाळेबरोबर रिंकवर गेली आणि मनाने परत आलीच नाही. तेव्हापासून आमची सकाळ रिंकवरच होते. मी बाकावर बसते. दोन कानटोप्या, एकीवर एक. हातात थर्मास. खेळातलं काही कळत नाही, पण थंडी मात्र खेळणाऱ्यांपेक्षा जास्त वाजते, असं माझं तिथलं पद.

आइस डान्स हा जोडीचा खेळ. मोठ्या स्पर्धेत एकटीला जागा नाही. आणि मुलं मिळत नाहीत, ती सगळी हॉकीला जातात. जुईचा जोडीदार खेळ सोडून कॉलेजला गेला. मग ती नसलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सराव करायची. हात हवेत, कंबर वळलेली, समोर कुणी नाही. ते बघवत नसे.

अशात दिमा आला. रशियात ज्युनियरमध्ये नाव काढलेला मुलगा. रशियन स्केटर्सना बाहेरच्या स्पर्धांची दारं बंद झाली, तेव्हा कॅनडाकडून खेळायचं म्हणून इकडे आला. त्याला इथलीच जोडीदारीण हवी होती. क्लबने ट्रायल ठेवली. मुलगा एक, मुली आळीपाळीने त्याच्याबरोबर बर्फावर, आणि कोच बघणार कोण शोभते ते.

मुलगा मुली बघायला येणार म्हटल्यावर माझ्या हातांनी आपोआप कांदा चिरला.

"अगं, हे लग्न नाही," नवरा म्हणाला.

"माहीत आहे. पण कांदा चिरून झालाय."

पहिल्या दिवशी डबाभर पोहे घेऊन गेले. जुई म्हणाली, "आई, प्लीज पुट दॅट अवे." दिमाने मात्र दोनदा घेतले, कोथिंबिरीसकट. मुलगा खाणारा आहे म्हणजे अर्धं जमलं, असा हिशेब मी मनात मांडलासुद्धा. दोघं बर्फावर उतरले तेव्हा बाकीचं अर्धंही जमल्यासारखं वाटलं. मला खेळ कळत नाही, पण एकाचा पाय वळला की दुसऱ्याचा आपोआप वळतो, एवढं दिसत होतं. बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

त्यानंतर लारिसाने ते हात जुळवले.

लारिसा म्हणजे क्लबची मुख्य कोच. एके काळची रशियाची आइस डान्सर, युरोपात मेडल मिळवलेली. तिच्या एका जुन्या डान्सचा व्हिडिओ आमच्या घरी इतका लागायचा, की ती मान कुठे झुकवणार हे मला भाजी फोडणीला टाकतानाही कळायचं. जुई ती मान शिकली, ती त्याच व्हिडिओवरून. क्लबमध्ये प्रवेश घ्यायला गेलो तर लारिसाच्या खिडकीत पितळेचा छोटा बुद्ध. ती बैकाल तलावाकडची, बुर्यात लोकांतली, जन्माने बौद्ध. आमच्याही घरात बुद्धच. मी मनात म्हटलं, ही तर आपली. इतक्या लांब येऊन नातेवाईक सापडला की माणूस जरा वेडा होतो. पुढच्याच आठवड्यात मी तिला खीर नेऊन दिली.

त्या आपल्या बाईने दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये माझ्या हातात एक बाटली आणि स्पंज ठेवला. बॉडी मेकअप. मळलेल्या मैद्याचा रंग.

"आर्म्स अँड नेक. यू डू, मदर. विथ यू शी इज रिलॅक्स्ड."

जुईने माझ्यासमोर हात पुढे केले आणि डोळे मिटले. दंडापासून बोटांपर्यंत माझा रंग. माझ्या आईचा रंग.

मला नागपुरात पहिल्यांदा बघायला आले होते, तेव्हा काकूने माझ्या चेहऱ्यावर आणि मानेवर पावडर थापली होती. हात विसरली. मुलाकडच्यांनी ट्रे धरलेले हात पाहिले आणि "कळवतो" म्हणाले. ते अजून कळवताहेत. ही गोष्ट मी कॅनडाभर हसत हसत सांगत आले. लोकही हसतात. मी चांगली सांगते.

त्या लॉकर रूममध्ये मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना. पावडर फासलेली ती नागपूरची मुलगी खाली मान घालून बसली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी बाटलीला झाकण लावलं.

"आय विल नॉट," मी म्हणाले.

जुईने डोळे उघडले. "आई, इट्स जस्ट मेकअप. गिव्ह इट टू मी." आणि बाटली माझ्या हातातून घेतली. तिला तो जोडीदार हवा होता. तिच्या जागी मी असते तर मीही बाटली घेतली असती.

लारिसा तिच्या शेजारी बाकावर बसली. ती काय म्हणाली ते मराठीतच सांगते, नाहीतरी दोघींचं इंग्रजी उसनंच. म्हणाली, मी मॉस्कोला गेले तेव्हा सांगितलं गेलं, पाय छान आहेत, चेहरा चालणार नाही. माझे केस पिवळे केले. प्रत्येक स्पर्धेआधी एक बाई माझे डोळे मोठे रंगवायची. आडनाव बदललं, ऐकायला रशियन वाटावं म्हणून. मी भांडले नाही. म्हणून मी मेडलच्या स्टँडवर उभी राहिले. आमच्याकडची दुसरी एक मुलगी भांडली. तिचं नाव तुम्ही ऐकलं आहे का? नाही ना.

ती हे रागाने म्हणत नव्हती. मायेने म्हणत होती. त्याचीच भीती वाटली.

जुईने विचारलं, "डू यू वॉच इट? युवर डान्स?"

लारिसा म्हणाली, "नेव्हर."

"व्हाय?"

"आय ॲम नॉट देअर."

आम्ही मायलेकींनी जो डान्स पाठ केला होता, तो तिने एकदाही बघितला नव्हता. जिच्या मानेची ढब माझ्या मुलीने उचलली ती बाई त्यात नव्हतीच. मग जुईने बाटली बाकावर ठेवली, जॅकेट काढलं आणि बर्फावर गेली. उघडे हात. ती त्या दिवशी जशी नाचली तसं नाचताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दिमाने एका वळणावर हसून तिच्याकडे पाहिलं. बाकावरच्या एका आईने टाळी वाजवली आणि मग लगेच इकडेतिकडे बघितलं.

टोरांटोहून आलेल्या एका मुलीची निवड झाली. तीही चांगली नाचते, खोटं का बोलू. क्लबच्या डायरेक्टरबाई लॉबीत आम्हाला गोड आवाजात म्हणाल्या, "शी इज लव्हली. इट वॉज जस्ट द लुक." लारिसा त्यांच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत जुई एवढंच म्हणाली, "आय वॉन्टेड इट, आई. आय स्टिल वॉन्ट इट." मी तिला काही समजावलं नाही. दुसरा मिळेल, याहून चांगला मिळेल, हे मला लोकांनी सांगितलं होतं. मी तिला ते सांगणार नाही.

रविवारी क्लबच्या पालकांची सभा आहे. मी बोलणार म्हटल्यावर नवऱ्याने डोकं धरलं.

"काहून त्यांच्या तोंडी लागतेस? पोरगी नाही निवडली म्हणून जळते म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि पुढे जुईला कोणी ट्रायलला बोलावलं नाही तर?"

मी जुईलाच विचारलं. कारण किंमत ती मोजणार, मी नाही. फोनमधून मान वर न करता ती म्हणाली, "से इट. बट डोन्ट क्राय. अँड डोन्ट बी फनी."

तिची दुसरी अट जास्त कठीण आहे. आयुष्यभर प्रत्येक अपमान मी फोडणी घालून लोकांना वाढला. लोकांनी मिटक्या मारल्या. त्यामुळे कुणाला माझी भीती वाटली नाही.

रविवारी मी उठणार. डायरेक्टरबाईंसमोर, लारिसासमोर, टोरांटोच्या मुलीच्या आईसमोर. रागावले की माझं इंग्रजी तुटतं, क्रियापदं गळतात. गळू देत. लुक म्हणू नका, रंग म्हणा, असं मी सांगणार. बाटली कुणी दिली, कुणाच्या हातात दिली, तेही सांगणार. आणि या रिंकवर कुठल्याही पोरीच्या हाताला तो मैदा लागणार असेल, तर मी बर्फाच्या दारात उभी राहणार. आधी मला बाजूला करावं लागेल.