नवसाचा मुलगा आणि अ‍ॅग्नेसबाय

अ‍ॅग्नेसबाय गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पालघरच्या दवाखान्यात एका कामगाराच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत होतो. पट्टी पुरी केली, हात धुतले आणि मग बोईसरची गाडी धरली. काम अर्धवट टाकून पळालो असतो तर शवपेटीतून उठून ओरडली असती ती मला. त्याला आता महिना होत आला...

बोईसरच्या आमच्या लहानशा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायची. लग्न केलं नाही, मठातही गेली नाही. देवळामागच्या दोन खोल्यांत धाकट्या बहिणीबरोबर, रेजिनाबरोबर राहिली. पण आमच्या भागातून जे कुणी फादर झाले, ज्या सिस्टर झाल्या, त्यांतले बहुतेक आधी तिच्या ओट्यावर बसून गेलेले. देवाचं पाचारण आलंय असं वाटणारी पोरं तिच्याकडे यायची आणि ती त्यांना चांगलं पारखून घ्यायची. बापाच्या दारूला कंटाळून सिस्टर व्हायला निघालेल्या एका मुलीला तिने सरळ सांगितलं, की घरातून सुटायचं असेल तर केळव्याला मावशीकडे जाऊन राहा, मठ म्हणजे धर्मशाळा नाही. ती मुलगी पुढे शाळेत बाई झाली, सुखात आहे.

माझं पाचारण मात्र माझ्या आईनेच ठरवून टाकलं होतं. मी दोन वर्षांचा असताना टायफॉईड झाला, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आई नवस बोलली, की पोर वाचलं तर देवाला देईन, फादर करीन. मी वाचलो. झालं! तेव्हापासून गल्लीत सगळे मला फादर म्हणायला लागले. गोट्या खेळताना भांडण झालं तरी शिवी फादरलाच. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी मॅट्रिक झालो आणि आईने फादर व्हायचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत न्यायचे कपडे शिवायला टाकले.

अ‍ॅग्नेसबायची एक पद्धत होती. जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ती शनिवारी एसटीने पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर न्यायची. तिथे एक सिस्टर झाडाखाली दवाखाना मांडायच्या. अ‍ॅग्नेसबाय पोराला काम म्हणून काहीच सांगायची नाही. बाजूला बसून नुसतं बघायची. मी प्रवचन पाठ करून गेलो होतो. थोड्याच वेळात ऐकणारी मुलं पांगली आणि खरं सांगायचं तर मलाही जांभया येत होत्या. एका म्हाताऱ्याच्या पायाला कुऱ्हाड लागून जखम चिघळली होती. सिस्टर एकट्या होत्या म्हणून घमेलं धरायला गेलो आणि पाय धुवायलाच बसलो. वास असा, की बाकीचे लांब उभे. माझी दुपार कशी गेली मला कळलंच नाही. पुढच्या शनिवारी प्रवचन काही आठवेना, आणि नंतर ते आठवायचा मी प्रयत्नही केला नाही.

असे काही महिने गेले. एकदा परतीच्या एसटीत ती म्हणाली, “पयल्या दिशी परवचन देताना तू सारखा बसच्या रस्त्याकडं बघत व्हतास. त्या बाबाचा पाय धुताना नाय बघितलंस. मला वाटतं तुजं पाचारण तिथं हाय. पण ठरवायचं तू. सेमिनरीतच जायचं आसंल तर मी सोताहून सोडायला येते.”

मला उत्तर माहीत होतं, सेमिनरी नाही, नर्सिंग. प्रश्न होता आईला कुणी सांगायचं. ते सांगायला अ‍ॅग्नेसबायच आमच्या घरी आली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आई मासळी साफ करत होती. मुलगा नर्सिंग शिकणार म्हटल्यावर तिला आधी हसूच आलं, मग तिचा चेहरा उतरला. लोक हसतील याचं तिला काही नव्हतं. तिला भीती होती नवसाची. शब्द मोडला म्हणून देवाने पोर परत नेलं तर? अ‍ॅग्नेसबाय म्हणाली, “नवस तू बोललीस, तो नाय बोलला. फादरचा झगा नाय घातला तर तो देवाचा नाय होत काय?” आई म्हणाली, “तुला पोर नाय. तुला काय कळणार?”

अ‍ॅग्नेसबाय उठली, पदर सारखा केला आणि गेली. मी नर्सिंग शिकायला मुंबईला गेलो आणि आईने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दर रविवारी देवळातली मिस्सा संपली की अ‍ॅग्नेसबाय वाट अडवून विचारायची, कशी हायस गो? आई बाजूने निघून जायची. असं वर्षानुवर्षं चाललं. मला साधं पडसं झालं तरी आईचा जीव उडायचा, घरात मेणबत्त्या लागायच्या. अ‍ॅग्नेसबायने पाठवलेले फादर तिला भेटायला यायचे, पाया पडायचे. पण तिचं मन आमच्या दारात अडकलेलं असायचं, हे मला दिसायचं आणि फार वाईट वाटायचं.

मग आईला अर्धांगवायू झाला. मी पालघरची नोकरी सांभाळून तिचं सगळं करायचो, भरवणं, धुणं, कूस बदलणं. एका संध्याकाळी तिचे केस विंचरत होतो, तर अडखळत म्हणाली, अ‍ॅग्नेसला बोलव. ती धावतच आली. दोघी दार लावून बसल्या. बाहेर आली तेव्हा अ‍ॅग्नेसबायचे डोळे लाल होते. काय झालं विचारलं, तर बायकांच्या गोष्टीत तू पडू नकोस म्हणाली. उपवासकाळात आई गेली.

अ‍ॅग्नेसबायला माती दिल्यानंतर रेजिनाला खोली आवरायला मदत करायला गेलो. एवढ्या वर्षांत माझं बसणं ओट्यावरच, आतल्या खोलीत कधी गेलो नव्हतो. खाटेसमोरच्या भिंतीवर फोटोंची ओळ. कुणा फादरची पहिली मिस्सा, कुणा सिस्टरचा व्रतग्रहणाचा दिवस. आणि मधोमध मी, नर्सिंग पास झाल्याच्या दिवशी काढलेला, पांढऱ्या कपड्यातला. आमच्या घरात तो फोटो आईने कधी लावला नव्हता. हरवला असंच मी धरून चाललो होतो.

मी रेजिनाला विचारलं, हा इथे कसा?

“तुज्या आयनं दिला,” ती म्हणाली. “त्या दिशी दार लावून बसल्या व्हत्या ना, तवा. म्हणाली, माजा पोर पण त्यांच्यातच लाव.”