विहीणबाई कोणासाठी रडल्या

आई गेली तेव्हा सासूबाई धुळ्याला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण तेच गुडघे घेऊन त्या थोड्याच दिवसांपूर्वी भडगावला भाचीच्या हळदीत नाचून आल्या होत्या.

मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. बायका गल्लीच्या तोंडाशीच डोक्यावरून पदर ओढून घेतात, दारात पोचता पोचता रडं सुरू करतात आणि रडता रडता गेलेल्या माणसाचे गुण सांगतात. कोण आलं, कोण नाही आलं, कोण कोरडं रडलं, हे घरातल्या बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्यात विहीणच आली नाही, तर लेकीची सासरी काय किंमत आहे ते सगळ्या गल्लीला कळतं. मला या प्रकाराचं कौतुक नाही. पण आई माझी होती, आणि तिच्या दारात माझ्या सासरहून कोणी बाई माणूस येऊन तिच्यासाठी रडावं एवढं मला वाटत होतं.

राख सावडल्यावर मी सासरी पिंप्राळ्याला परतले, कारण मुलीची परीक्षा होती. भावजयीचा फोन आला, "ताई, तुमच्या सासूबाई कधी येताय दारावर?"

मी म्हटलं, "बघू."

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मालिकेतली आई मेली.

ही आई दोन-तीन वर्षांपासून टीव्हीवरून आमच्या घरात रोज संध्याकाळी यायची. तिच्या लेकीला सासरचे माहेरी पाठवत नसत, म्हणून ती दर शनिवारी गावच्या स्टँडवर डबा घेऊन बसायची. कोणत्या तरी गाडीतून लेक उतरेल म्हणून. सासूबाई त्या लेकीच्या सासूला तोंडभर शिव्या द्यायच्या. मी माहेरी जायचं नाव काढलं की मात्र विचारायच्या, "मंग इथला सयपाक कोन करी?" यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्या दिवशी मालिकेतली आई स्टँडच्या बाकावरच गेली, मांडीवर डबा तसाच. पुढच्याच गाडीतून लेक उतरली. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"बाई, जेवून घ्या. गोळी घ्यायची आहे," मी म्हटलं. घरात सगळे त्यांना बाईच म्हणतात.

"माले घास उतरत नही वं. तिनी कोनं काय वाकडं करेल व्हतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलनीतल्या तिघी जणी आल्या. तिघीही तीच मालिका बघणाऱ्या. सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. एकीने मोबाइलवर तो प्रसंग पुन्हा लावला, मागे बासरी वाजवून कोणी तरी तो आणखी रडका करून टाकला होता. चौघींनी डोळे पुसले.

"तो डबा उघडलाच नाही शेवटी," एक म्हणाली.

"पुरणपोळी असेल."

"नाही हो, मागच्या शनिवारी पुरणपोळी होती. या वेळी मांडेच."

मी चहा टाकला. ट्रे घेऊन गेले तर सगळ्यात मोठी होती तिने हात आडवा केला. "राहू दे गं. आज नको चहा."

मयताच्या घरी आमच्याकडे चहा घेत नाहीत. ते त्यांनी पाळलं. माझ्या आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्या तिघींनी मला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. चार कप चहा मी बेसिनमध्ये ओतला, कप धुतले आणि संध्याकाळच्या भाजीला लागले.

रात्री नवरा सासूबाईंना म्हणाला, "बाई, गंधमुक्तीला तरी चल. लोकं काय म्हणतील?" सुतक फिटण्याचा तो शेवटचा दिवस, त्यानंतर दारावर जाण्याला अर्थ नाही. लोकांचं नाव निघालं तेव्हा त्या तयार झाल्या.

जीप गल्लीत शिरली तशी त्यांनी पदर ओढला. दारात माझी भावजय उभी होती. तिच्या गळ्यात पडून त्यांनी पहिला हुंदका दिला, तो नेमाचा होता. मग समोर हार घातलेला आईचा फोटो दिसला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"माय वं, कशी बठेल ऱ्हायनी व्हशी तू स्टँडवर! लेकना डबा मांडीवर लई! कोनती गाडीनी वाट दखी वं!"

खरं रडणं होतं ते. अंग हलत होतं, नाक गळत होतं. घरातल्या सगळ्या बायका त्यांच्याबरोबर रडायला लागल्या. मी कोरडी उभी राहिले आणि दिसलं असेल ते लोकांना.

माझी आई पिठाची गिरणी चालवायची. मी सासरी निघाले की ती पट्ट्यावर एक डोळा ठेवून म्हणायची, "जाय, गाडी चुकी. पोचल्यावर मिस कॉल दे." तिच्या भुवयांवर पीठ असायचं. ती जन्मात कधी मला सोडायला किंवा घ्यायला स्टँडवर आली नाही. दळणं खोळंबायची ना. माहेरी येताना मीच भाकऱ्या बांधून आणायचे, कारण तिला रांधायला वेळ नसायचा. तिने मला शिकवलं ते गिरणीच्या पैशांवर, आणि त्याबद्दल ती कधी बोललीही नाही. हे गुण दारात कोणी सांगितले नाहीत.

जेवणं उरकल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. आता डोळे लाल होते.

"अक्का, तुझ्या सासूबाईंना काय काय माहीत आहे गं. आई स्टँडवर बसायची, मला कधी बोलली नाही."

मी सांगणार होते. पण आत बायका म्हणत होत्या, "विहीण असावी तर अशी." सासूबाईंना खोटं पाडलं असतं तर हसं आमचंच झालं असतं.

"नसेल बोलली," मी म्हटलं.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा भावजय नव्या पाहुण्यांना आईबद्दल सांगत होती. स्टँड, बाक, डबा. आता त्यात शनिवारही आला होता. भाचा आजीच्या फोटोसमोर एक स्टीलचा डबा ठेवून गेला, आजीला आवडायचा म्हणून. मी तो उघडून बघितला. रिकामा होता. गिरणी भावाने त्याआधीच विकून टाकली होती, तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.