शाई नसलेले खवले

प्रमोद चिंचवडच्या शाळेत माझा विद्यार्थी होता. मार्च आला तरी त्याच्या वह्यांचे कोपरे दुमडलेले नसायचे. २०१६ साली मी न्यूझीलंडमध्ये लेकीकडे पापाकुऱ्याला राहायला गेले, तेव्हा तो ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा आणि शनिवारी शेजारच्या हायाशीबाईंचं गवत कापून द्यायचा.

हायाशीबाई ऐंशीच्या. त्यांच्याकडे आईचं एक जुनं जपानी चित्र होतं, लाकडी ठशांनी छापलेलं. फिकट निळ्या पाण्यात नदीतले दोन मासे. खवल्यांना शाई नव्हतीच; कोरा ठसा दाबून नुसता कागद उठवला होता. चित्र खिडकीशी तिरपं धरलं की मासे अंगभर उजळायचे, सरळ धरलं की पुन्हा पाण्यात विरायचे. गवत कापून झालं की प्रमोद ते बघत बसायचा. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना हायाशीबाईंनी ते त्याच्याकडेच सांभाळायला दिलं.

जुलै महिना, म्हणजे तिथला हिवाळा; भाड्याचं घर ओलसर, कपाटामागे बुरशी. प्रमोदने चित्र लॅमिनेट करून आणलं.

घरी येऊन त्याने ते तिरपं धरलं. चकाकलं ते प्लास्टिक. खवले सपाट झाले होते.

"बाबा, यू किल्ड देम," नऊ वर्षांची इरावती म्हणाली.

तो माझ्याकडे आला. "बाई, तुम्हीच सांगायचात ना, प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवा म्हणून?"

टोमणा नव्हता तो, तरी मला लागला. प्रत्येक वर्गाला मी ते सांगत आले होते.

"त्यांना खरं सांगून टाक," मी म्हटलं.

"तुम्ही चला सोबत."

हायाशीबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने जेमतेम दिसत होतं. चित्र मांडीवर घेऊन त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "मला नीट दिसत नाही. तू सांग, खवले दिसतात?"

"हो," प्रमोद म्हणाला.

मी खाली बघत राहिले.

दारात त्याने एक रबरी चप्पल पायात घातली. दुसरी हातातच राहिली. मग ती ठेवून, घातलेलीही काढून तो आत गेला.

"नाही दिसत. मी प्लास्टिक लावलं त्याला. खराब होऊ नये म्हणून."

"ते बोटाला कळलं होतं," हायाशीबाई म्हणाल्या. "पण तू हो का म्हणालास?"



चित्र आता त्यांच्या स्वयंपाकघरात, टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. प्रमोद अजून शनिवारी गवत कापतो. चहाला बोलावलं की चित्राकडे पाठ येईल ती खुर्ची धरतो. तशी खुर्ची तिथे एकच आहे, आणि मी गेले की मलाही तीच हवी असते.