पुस्तकातली कोरी जागा

मागच्या शनिवारी बॉनमध्ये एका लेखकाच्या स्मृतिसभेला गेले होते. त्यांनी आयुष्यभर चिनी भाषेत कादंबऱ्या लिहिल्या, पण निम्मं आयुष्य इथे जर्मनीत काढलं... आणि वारलेही इथेच.

मला चिनीचा गंध नाही. माझी मैत्रीण मेई त्यांच्या कादंबऱ्यांवर पीएचडी करतेय, तिचं भाषण होतं म्हणून गेले.

मेई छान बोलली. त्यांचं एकेक वाक्य पानभर चालतं, त्यात कालचं आणि आजचं मिसळून जातं, स्वतःबद्दल लिहितानाही ते 'मी' न म्हणता 'तो' म्हणतात... सगळं तिने सोप्या जर्मनमध्ये समजावलं.

मग तिने त्यांच्या एका कादंबरीतला उतारा जर्मनमध्ये वाचला. एक बाप भाजी चिरता चिरता लेकीला विचारतोय... थंडी वाजतेय का, शाळेत काय झालं, ऐकतेयस ना? प्रत्येक प्रश्नानंतर पानावर नुसती कोरी जागा.

"ही कोरी जागा म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण," मेई म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या रांगेत त्या लेखकांची मुलगी बसली होती. चाळिशीची, इथेच वाढलेली, चिनी जेमतेम कळणारी पण बोलता न येणारी. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "नाही. मी उत्तर द्यायचे. जर्मनमध्ये."



"ते हसून मान हलवायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना कळतंय."

मेईने हातातले कागद खाली ठेवले.

नंतर कॉफीच्या वेळी ती मुलगी मेईकडे आली. "'ऐकतेयस ना' असं विचारलं तर चिनीत काय म्हणायचं?" मेईने एक छोटासा शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला... आणि तिला रडू फुटलं.

उच्चार चुकला होता, असं मेईने मला ट्राममध्ये सांगितलं. पण ती म्हणाली, "तो सुधारायचा माझा धीर झाला नाही गं."

घरी आले तर माझा लेक शाळेतलं काहीतरी भराभर जर्मनमध्ये सांगत सुटला. त्या पोरांच्या भाषेतलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मी पर्स बाजूला ठेवली, त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "थांब रे, मला नाही कळलं. परत सांग."

तो पहिल्यापासून सांगायला लागला... अजून सांगतोय, एवढंच पुष्कळ आहे.